सपाट जागा

चौधरी कंपाउंडरांची गाडी चार महिने
हँडब्रेक ओढून उभी होती,
अमळनेरात, धान्य मार्केटच्या मागे, पत्र्याखाली.
ते सुरतेला लेकीकडे, मोतीबिंदू काढायला.
परत आले तर डोळा नवा, गाडी तीच,
सन चौऱ्याण्णवची, एकेकाळी पांढरी.
"लतीफ, गाडी हालस नही ना भो."

किल्ली फिरते, इंजिन बोलतं,
क्लच सोडला की मागचे पाय रोवते
विकायला काढलेल्या म्हशीसारखी.

विचारलं, किती ओढता?
म्हणाले, वाजेल तितका.
पाच-सहा टिचक्या पुरतात. हे अकरा घेतात.
आणि गाव तर परातीसारखं,
इथे सांडलेलं पाणीसुद्धा विचार करतं
कुठे जायचं त्याचा.
कशाला ब्रेक? गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा.
त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

जॅक लावला. चाक उतरलं, ड्रम उतरेना.
ड्रमला आट्यांची दोन भोकं असतात,
त्यात आठ नंबरचे बोल्ट, एकदा हा, एकदा तो,
पाव-पाव आटा. घाई केली की तडा.
वैशाखाचं ऊन, पाना हातात धरवेना,
सुपडू ओलं फडकं घेऊन उभा.
मग आतून टण्‌कन आवाज.

शू गंजाने चिकटलेले. काळी भुकटी.
सुपडू वाकला फुंकायला.
फुंकू नको रे, पाणी मार.
माझ्या बापाच्या छातीत कापूस गेला,
तेवढं एका गॅरेजला पुरे.

केबल मात्र जिवंत होती, नुसती जाम.
रबर फाटून पाणी शिरलेलं.
नवी जळगावहून परवा येणार,
म्हणून ही निंबाला उभी टांगली,
वरच्या तोंडाला दुधाची पिशवी बांधली, तीत तेल.
रात्रभर.
सकाळी खालच्या टोकाला एक थेंब लोंबत होता,
चहाच्या रंगाचा.

चहा पितानाच ते बोलले.
कन्नडचा घाट. रेडिएटरला पाणी घालायला उतरलो.
तीन टिचक्या ओढल्या होत्या, घाईत.
आत ही आणि पोरगी.
गाडी मागे सरायला लागली, आवाज न करता,
माझ्या हातात बाटली.
मग अडली.
ट्रकवाले चाकाखाली लावतात
आणि रस्त्यात तसाच टाकून जातात ना, तो दगड.
मी वर जाताना त्यालाच शिव्या दिल्या होत्या.

सुपडूने कपबश्या उचलल्या.

दुपारी सगळं बसवलं. पिव्हटला ग्रीस, नवी स्प्रिंग.
केबल ताणताना मी बोटाने छेडतो,
कुणी शिकवलं नाही.
बाप पिंजणाची तांत अशीच छेडायचा, कान तिरका करून,
ढिली असेल तर घुमते, जास्त ताणली तर किंचाळते,
मधे कुठेतरी कापूस उडतो.
अर्धा आटा मागे. पुन्हा छेडली. बस.

सहा टिचक्या, म्हटलं. सातवी नको.
त्यांनी बसून ओढला, मोजत, ओठ हलवत.
मग बटण दाबून सोडला.

आणि गाडी निघाली.
माझ्या गॅरेजसमोरच्या, बावीस वर्षं मी
सपाट म्हणत आलो त्या जागेवरून,
बोरी नदीच्या बाजूला,
वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीने.
सुपडू वीट घेऊन धावला.
वीट लागली, गाडी टेकली.
मी नदीकडे पाहिलं, मग पायाखाली.
चौधरी काचेतून माझ्याकडे बघत होते,
नव्या डोळ्याने,
हसले मात्र नाहीत.

साडेचारशे झाले, चारशे घेतले.

दुसऱ्या दिवशी जीप आली, पंक्चर काढायला.
सुपडू सगळीकडे शोधतोय,
बाकाखाली, निंबाच्या बुंध्याशी, टायरांच्या ढिगात:
लतीफभाऊ, आपली वीट कुठे गेली?